मराठी रंगभूमीवर वेशभूषाकार व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाट्यशिक्षण घेणारे विद्यार्थी, हौशी संस्था आणि शिवणकामातून नाटकाकडे वळू पाहणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं मुख्यतः मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक आणि स्पर्धेच्या नाटकांना धरून दिली आहेत. शुभारंभाच्या प्रयोगाला कपडा छान दिसणं फारसं अवघड नसतं. दुपारी दादर, रात्री ठाणे आणि दुसऱ्या दिवशी सांगली अशा धावपळीत पन्नासाव्या प्रयोगाला तो कसा दिसतो, यावर वेशभूषाकाराचं काम जोखलं जातं.

वेशभूषाकार नेमकं काय करतो? कपडेपट आणि ड्रेपरी म्हणजे तेच का?

नाही. कोणत्या पात्राने कोणत्या प्रवेशात काय घालायचं हे वेशभूषाकार ठरवतो. कापड आणि रंग निवडतो, शिवून घेतो, मापं आणि ट्रायल बघतो, रंगीत तालमीला (कपडे, दिवे आणि सेटसह होणाऱ्या तालमीला) दिव्याखाली पारखतो. कपडेपट सांभाळणारा माणूस प्रयोगागणिक कपडे लावतो, इस्त्री करतो, विंगेत (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात) बदलायला मदत करतो आणि प्रयोगानंतर मोजून ट्रंकेत भरतो. ड्रेपरीवाला तयार पोशाख भाड्याने देतो. छोट्या संस्थेत ही तिन्ही कामं एकाच माणसावर येतात. तेव्हाही ती तीन वेगळी कामं आहेत हे डोक्यात असलं तर तारांबळ कमी होते.

एक जाता जाता. भरताच्या नाट्यशास्त्रात वेश, दागिने आणि रंगभूषा आहार्य अभिनयात, म्हणजे बाहेरून चढवलेल्या गोष्टींतून होणाऱ्या अभिनयात येतात आणि नेपथ्याचे पुस्त (बनवलेल्या वस्तू), अलंकार, अंगरचना (अंग रंगवणं), सजीव (प्राणी) असे चार प्रकार सांगितले आहेत. आज मराठीत नेपथ्य म्हणजे सेट एवढाच अर्थ उरला आहे. पण वेश हा अभिनयाचाच एक प्रकार, ही मांडणी या कामाला आजही नेमकी लागू पडते.

त्यासाठी कोणतं शिक्षण घ्यावं?

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (स्थापना १९५९) तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. तिथे रचना हा विषय स्वतंत्रपणे शिकता येतो आणि वेशभूषा त्यातच येते. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. इथे भर अभिनय-दिग्दर्शनावर असला तरी तालमी, प्रकाश, सेट सगळं जवळून बघायला मिळतं, आणि वेशभूषेला ते लागतंच.

दुसरी वाट कापडाकडून येते. निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था), एसएनडीटी महिला विद्यापीठाचे वस्त्रविषयक अभ्यासक्रम, आयटीआयचा शिवणकामाचा कोर्स. आमचं स्पष्ट मत असं की आयटीआयमध्ये शिवण शिकून दोन वर्षं एखाद्या नाट्यसंस्थेच्या विंगेत काढलेला माणूस या कामाला फॅशनच्या पदवीधराइतकाच, पुष्कळदा जास्तच तयार असतो. फॅशनचा कपडा हातभर अंतरावरून बघितला जातो. नाटकाचा वीस मीटरवरून बघतात, आणि त्यात माणूस रडतो, पळतो, जमिनीवर कोसळतो.

शिवता यायलाच हवं का?

पूर्ण अंगरखा स्वतः शिवता आला नाही तरी चालेल. कटिंग मास्टरशी त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे: पन्हा (कापडाची रुंदी), माया (शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड), मुंढा (बाही जोडायची जागा), उरेब (तिरका काप), अस्तर, धावदोरा (साधी सरळ टीप). ‘थोडं सैल करा’ असं सांगितलं की प्रत्येक मास्टर वेगळं करतो. ‘छातीला दोन इंच सैल, मुंढा अर्धा इंच खाली’ असं सांगितलं की हवं तेच मिळतं. हूक, टिचबटण, नाडी, उसवलेली शिवण आणि निघालेली दुमड एवढं हाताने पाच मिनिटांत करता आलंच पाहिजे, कारण दुसरी घंटा झाल्यावर मास्टर जवळ नसतो.

संहिता हातात आली. पहिलं काम कोणतं?

तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, कपड्याचा उल्लेख असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करत: ‘ही साडी आईची आहे’, ‘खिशातून पत्र काढतो’, ‘भिजलास की रे’. खिशाचा उल्लेख संवादात असून सदऱ्याला खिसा नाही, ही चूक फार वेळा होते. तिसऱ्या वाचनात वेशपट तयार करा.

वेशपट म्हणजे एक तक्ता. रकाने असे ठेवा: अंक आणि प्रवेश, पान क्रमांक, नाटकातला दिवस आणि वेळ, पात्र, कपडा क्रमांक, कोणत्या विंगेत जातो, कोणत्या विंगेतून परत येतो, मधे किती सेकंद मिळतात, मदतीला कोण. शेवटचे चार रकाने नवखे लोक सोडून देतात आणि सगळी अडचण तिथेच होते. नट डाव्या विंगेत गेला, कपडे उजव्या विंगेत ठेवलेले, आणि मधे सेटमागून जायला वाट नाही, हे तालमीतच कळायला हवं.

या तक्त्यातून खर्चही कळतो. पाच पात्रं आणि नाटकात पाच दिवस म्हटलं की पंचवीस पोशाख वाटतात. एक पँट तीन शर्टांवर, एक साडी दोन वेगळ्या शालींबरोबर अशी फिरवाफिरवी केली की काम चौदा-पंधरावर येतं आणि पात्रं खरी वाटतात, कारण घरात माणसं तेच कपडे पुन्हा घालतात.

कापड किती लागतं?

४४ इंच पन्ह्याचं सुती कापड आणि मध्यम बांधा धरून: पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा कुर्ता अडीच मीटर, लेंगा सव्वादोन ते अडीच, बाराबंदी (बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा) दोन ते सव्वादोन, घेरदार अंगरखा पाच ते सहा मीटर. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण ८.२ मीटर. सहावारी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस वेगळा. फेट्याला पद्धतीप्रमाणे पाच ते नऊ मीटर.

यावर दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेलं कापड टाकू नका. तीन महिन्यांनी बाही फाटते किंवा नट बदलतो, तेव्हा त्या रंगाचं कापड बाजारात नसतं. सुती कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून मग कापा. न भिजवता शिवलेला सदरा पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतो. ३० इंच लांबीत ते एक ते दीड इंच होतं आणि बाही मनगटावरून सरकलेली शेवटच्या रांगेलाही दिसते.

काय शिवावं, काय विकत घ्यावं, काय भाड्याने आणावं?

चाळीस प्रयोगांच्या पुढे जाईल अशी आशा असलेल्या नाटकाचे मुख्य पात्रांचे कपडे शिवा किंवा विकत घ्या. एखाद्या प्रवेशातले वकील, पोलीस, वाजंत्री, राजदरबारातले भालदार-चोपदार यांच्यासाठी ड्रेपरी बरी. ड्रेपरीचा कपडा आधी स्वतः जाऊन अंगावर बघा आणि त्यावर खुणेची चिठ्ठी लावून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी तोच येईल. भाड्याच्या कपड्यात काटछाट करता येत नाही. कच्च्या धावदोऱ्याने आत घेता येतं, तेही मालकाला विचारून.

आजच्या काळातल्या नाटकात तयार कपडे घेताना एकाच दुकानातून सगळ्या पात्रांचे घेऊ नका. सगळे एकाच घरचे वाटतात. आणि ठरलेल्या रकमेतले दहा-पंधरा टक्के रंगीत तालमीनंतरच्या बदलांसाठी राखून ठेवा. ते लागतातच.

खरेदी कुठे?

मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केट, साड्या-ड्रेसच्या कापडासाठी दादरचं हिंदमाता, नकली दागिने, लेस आणि गोटांसाठी भुलेश्वर, जुन्या वस्तूंसाठी चोर बाजार. पुण्यात लक्ष्मी रोड, रविवार पेठ आणि बारीकसारीक सगळ्यासाठी तुळशीबाग. कोल्हापूरला दागिन्यांसाठी गुजरी, नागपूरला इतवारी. पैठणी येवल्याची. गोव्याचं पात्र असेल तर कुणबी साडीचे लाल चौकडे दुसऱ्या कापडावर छापून आणू नका. विणलेलं कापड अंगावर वेगळं पडतं.

बाजारात जाताना संध्याकाळ टाळा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. कापड दाराशी उन्हात बघा आणि मोबाइलचा टॉर्च मारूनही बघा.

मापं कशी घ्यावीत?

नेहमीच्या छाती-कंबर-सीट-उंचीबरोबर नाटकाला आणखी चार मापं लागतात: डोक्याचा घेर (पगडी, टोप), मानेपासून कमरेपर्यंतची पाठ, खांद्यापासून दोन पायांमधून परत खांद्यापर्यंतचा पूर्ण वेढा, आणि हात वर केल्यावरची बगलेपासून कमरेपर्यंतची लांबी. शेवटचं माप चुकलं की नटाने नमस्काराला हात उचलताच सदरा पोटावर येतो.

मास्टरला बगलेच्या आणि पाठीच्या शिवणीत प्रत्येक बाजूला दीड इंच माया ठेवायला सांगा, खालच्या दुमडीत तीन इंच. दुकानातल्या कपड्यात अर्धा इंचसुद्धा नसतो. नाटकाचा कपडा बदली नटाला बसवायचा असतो, म्हणून ही माया. आयत्या वेळी बदली कलाकार उभा राहिला तर ती उसवून तासाभरात माप वाढतं.

ट्रायलला नटाला उभं करून सोडू नका. त्याला मांडी घालून बसवा, वाकवा, पळवा, त्याच्या भूमिकेतली मारामारी किंवा मिठी करायला लावा.

चाळीस सेकंदांत कपडे बदलायचे आहेत. कसं जमेल?

वेशभूषाकाराची खरी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

तीस सेकंदांहून कमी वेळ असेल तर बदलू नका, आधीच आत घाला. वरचा कपडा काढला की खालचा तयार. आतला कपडा पातळ असावा आणि वरच्याच्या गळ्यातून डोकावता कामा नये. तीस ते साठ सेकंदांत एका मदतनिसासह पूर्ण बदल होतो, पण कपडा त्यासाठी मुद्दाम तयार केलेला हवा: समोरची बटणं नुसती वरून शिवलेली आणि आत टिचबटणं, पँटला बटणाऐवजी मोठा सपाट हूक, बुटाच्या नाडीऐवजी तिच्याच रंगाचं इलॅस्टिक, शर्ट आणि जाकीट एकत्र टाचलेलं.

वेल्क्रो सगळ्यांना आधी सुचतो. त्याचा आवाज शांत प्रवेशात तिसऱ्या रांगेपर्यंत जातो आणि तो रेशमाचे, जरीचे धागे ओढतो. वापरायचाच तर सलग पट्टी नको, इंच-इंचाचे तुकडे लावा आणि धुताना बंद करून धुवा. उघडा राहिला तर त्यात दोरे अडकून दहा प्रयोगांत त्याची पकड जाते.

विंगेत कपडे घालायच्या उलट क्रमाने रचा. जे आधी घालायचं ते सर्वांत वर. बूट खुर्चीसमोर, तोंड पुढे. मंद निळा दिवा किंवा कपाळावरचा छोटा टॉर्च ठेवा. आणि बदलाची तालीम वेगळी घ्या: नट, मदतनीस, घड्याळ, अंधार. उजेडात पस्तीस सेकंद लागले तर अंधारात पन्नास लागतील असं धरा. नटाने स्वतः काय करायचं (बटणं) आणि मदतनिसाने काय (पाठ, बूट) हे एकदा ठरलं की बदलू नका. दोघांचे हात एकाच बटणावर गेले की वेळ हातचा जातो.

तरीही जमत नसेल तर दिग्दर्शकाला सांगा. दोन वाक्यं किंवा संगीताचा एक तुकडा वाढवून मिळतो. हे रंगीत तालमीत सांगून उपयोग नाही, संहिता वाचून तक्ता केल्याच्या आठवड्यातच सांगा.

रंगमंचावर रंग वेगळे का दिसतात?

कापड स्वतःहून रंग दाखवत नाही, त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला तो रंग परत पाठवतं. लाल प्रकाशात हिरवा रंग परत पाठवायला हिरवा प्रकाशच नसतो, म्हणून हिरवी साडी काळपट दिसते. निळ्या रात्रीच्या प्रवेशात केशरी आणि लाल करडे-काळे होतात. पिवळट प्रकाशात निळा मरतो. म्हणून पहिल्या चर्चेतच प्रकाशयोजनाकाराकडून प्रत्येक प्रवेशाचा मुख्य रंग विचारून घ्या आणि कापडाचे वीतभर नमुने त्या दिव्याखाली धरा.

एलईडीमुळे हा प्रश्न वाढला आहे. फक्त लाल-हिरवा-निळा असे तीन रंग मिसळून केलेल्या पांढऱ्या प्रकाशात मधले रंग तुटक असतात. मोहरी रंग, केतकी, जरीचं सोनं आणि त्वचा फिकट किंवा हिरवट दिसते. जुन्या हॅलोजनच्या उबदार प्रकाशात झळाळलेली तीच जर इथे पत्र्यासारखी दिसते. नाटक बदलत्या नाट्यगृहांत होणार असेल तर दोन्ही प्रकारच्या दिव्यांखाली नमुना बघितल्याशिवाय भारी शालू घेऊ नका.

पांढरा शुभ्र कपडा टाळा. रंगमंचावर तो सगळ्यांत उजळ होतो आणि डोळा नटाच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या सदऱ्यावर जातो. सुती पांढरा कपडा चहाच्या पाण्यात बुडवून उतरवतात: लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा चहा पावडर, पाच मिनिटं उकळून नीट गाळायची, आधी साध्या पाण्यात भिजवलेला कपडा दोन ते पाच मिनिटं त्यात हलवत ठेवायचा आणि थंड पाण्यातून काढायचा. ओला कपडा जास्त गडद दिसतो, म्हणून कोपरा वाळवून बघा. कोरडा कपडा थेट टाकला तर डाग पडतात. पॉलिस्टरला चहा जवळपास लागत नाही. शुभ्रता आणणारी पावडर किंवा तशी डिटर्जंट वापरू नका. त्यातली चमक आणणारी द्रव्यं अतिनील दिव्याखाली निळसर पेटतात, आणि ‘भूत’ नसलेलं पात्र भूत दिसतं.

बारीक नक्षी दुरून विरघळते. रुपयाच्या नाण्याहून लहान बुट्टा मागच्या रांगांना नुसता खरखरीत रंग वाटतो. काळं मखमल सगळा प्रकाश खातं आणि त्यात नटाच्या हाताची, कमरेची रेषा हरवते. काळ्याऐवजी गडद तपकिरी किंवा गडद निळा घ्या, दुरून काळाच दिसतो.

ऐतिहासिक नाटकात चुका कुठे होतात?

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘जुना काळ’ असा एकच काळ समजणं. शिवकाल, पेशवाई (१७१३ ते १८१८) आणि विसाव्या शतकाची सुरुवात यांचे कपडे वेगळे आहेत. नऊवारीतल्या स्त्रियांच्या ज्या चित्रांवरून बरेच जण नक्कल करतात ती राजा रविवर्म्याची (१८४८ ते १९०६). ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची आहेत, शिवकालाला पुरावा म्हणून चालत नाहीत. पेशवाईसाठी वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ बघा.

रंगांना एक सोपी कसोटी आहे. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली सापडला, तोही जांभळा. त्याआधीचे रंग नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा, हळद, लाख यांतून येत. कुसुंब्याचा गुलाबी आणि लाखेचा किरमिजी चांगले भडक असतात, तेव्हा जुन्या काळाला सगळं मळकट करण्याचं कारण नाही. पण चमकदार पॉलिस्टरचा नियॉन गुलाबी पेशव्यांच्या दरबारात नको.

पगडी घालतात, फेटा बांधतात. पगडी आधी बांधून कायम केलेली असते, तिची चक्री, शिंदेशाही अशी घडण पात्राचं घराणं सांगते. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून ती प्रत्येक मराठी पुरुषाच्या डोक्यावर ठेवायची नाही. बाराबंदीला बंद असतात, बटणं नाहीत. घाईच्या बदलासाठी आत टिचबटणं लावा आणि बंद वरून बांधलेले शिवून टाका. मुघल काळातल्या चित्रांत जामा (बगलेखाली बांधायचा घेरदार अंगरखा) हिंदूंनी डाव्या बगलेखाली आणि मुसलमानांनी उजव्या बगलेखाली बांधण्याचा संकेत दिसतो. दरबाराच्या प्रवेशात एवढ्या एका बंदाने माणूस ओळखता येतो.

कपाळाकडेही बघा. चिकटवायची टिकली ही अलीकडची, त्याआधी मेण लावून कुंकू लावत. सोवळ्या विधवेचं आलवण (तिने नेसायचं लुगडं) लाल असतं, पांढरं नाही. ही चूक हिंदी चित्रपटांच्या सवयीने होते.

नऊवारी नेसवावी की शिवलेली घ्यावी?

त्या पात्राला मधे कपडे बदलायचे नसतील आणि ते मानाचं, ठाय चालीचं असेल तर नेसवा. खरा कासोटा, ओचा आणि पदर यांचं वजन चालण्यात उतरतं, शिवलेल्यात ते येत नाही. नेसवायला सरावलेला हात असेल तरी दहा ते पंधरा मिनिटं धरा. इरकलीसारखं भरीव सुती कापड निऱ्या धरतं, जॉर्जेट आणि सिंथेटिक सिल्क घसरतं.

नाच, धावपळ किंवा जलद बदल असेल तर शिवलेली. तिथे ठरलेली अडचण म्हणजे दोन पायांमधली शिवण फाटणं. मास्टरला तिथे तळहाताएवढा चौकोनी जोड उरेब कापून लावायला सांगा आणि दुहेरी शिलाई मारून घ्या. पदर वेगळा ठेवून खांद्यावर टाचण्याची सोय करा. आणि नेसण्याची पद्धत बघा: ब्राह्मणी, मराठा आणि कोळी यांत काठ कुठे येतो आणि साडी पायावर कुठवर येते हे वेगळं आहे. तयार मिळणारी बरीचशी नऊवारी लावणीच्या घाटाची असते, ती पुण्यातल्या वाड्यातल्या आजीला घातली की प्रेक्षागृहातल्या आज्यांना लगेच कळतं.

माइक लावायचा असेल तर?

कमरेच्या मागच्या बाजूला आतून सुती कापडाची पिशवी शिवा, ट्रान्समीटरचं माप घेऊन दोन्हीकडे अर्धा इंच सैल. वायर जाण्यासाठी अस्तरात काज करा. करकरीत नवं रेशीम, टॅफेटा आणि नायलॉन माइकजवळ खसखसतात. असे कपडे एकदा धुऊन मऊ करा किंवा छातीवर सुती पट्टी लावा. बांगड्या, कोल्हापुरी साज, मोत्याच्या सरी एकमेकींवर आपटतात, म्हणून सर आतून दोऱ्याने टाचा. नथ चापाची घ्या आणि तालमीपासून घालायला लावा, तिने उच्चार अडखळतो.

कपडा जुना, मळका किंवा रक्ताळलेला कसा करायचा?

आधी विचार करा की तो माणूस कुठे झिजवतो. कोपर, गुडघे, खिशाच्या कडा, कॉलर. सगळीकडे सारखा मळ लावलेला कपडा रंगवलेलाच दिसतो. त्या जागा सँडपेपरने आणि तारेच्या ब्रशने घासा, खिशात दगड घालून ओला कपडा टांगून वाळवा म्हणजे तो ओघळतो. मग चहा किंवा पातळ तपकिरी रंग स्पंजाने थोडा थोडा लावा.

रक्ताच्या प्रवेशासाठी तोच शर्ट दोन किंवा तीन प्रतींत हवा. साखरेच्या पाकातलं नकली रक्त चिकट राहतं आणि मुंग्या आणतं, डिटर्जंटच्या पायावर केलेलं धुवायला सोपं. कोणतंही रक्त आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर लावून, रात्रभर ठेवून, थंड पाण्यात धुऊन बघा. गरम पाण्याने डाग पक्का होतो.

रंगमंचावर मशाल किंवा निरांजन असेल तर जवळच्या नटाला सिंथेटिक घालू नका. कापडाचा दोरा जाळून बघा: वितळून गोळी झाली तर सिंथेटिक, कागदासारखा वास आणि राख तर सुती, केस जळल्याचा वास तर रेशीम किंवा लोकर.

दौऱ्यावर कपड्यांची काळजी कशी घ्यावी?

घाम हा मुख्य शत्रू. प्रत्येक जाड कपड्याखाली सुती बनियन, आणि एका नटाला किमान तीन. बगलेत टिचबटणांनी काढता येणारे पॅड लावा आणि रोज फक्त ते धुवा. प्रयोग संपताच कपडे उलटे करून पंख्याखाली टांगा. ओला कपडा घडी करून ट्रंकेत गेला की पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी. जरीला डांबरगोळी किंवा अत्तर लागू देऊ नका, ती काळवंडते. मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा आणि घड्या बदला.

धोतराला, उपरण्याला हलकी कांजी. पावसाळी हवेत ती मऊ पडते, तेव्हा कांजी दाट करण्यापेक्षा प्रयोगाआधी इस्त्री करा. कपड्यांच्या स्टीमरला दीड-दोन हजार वॅट लागतात, रंगपटातल्या (नटांच्या तयारीच्या खोलीतल्या) छोट्या ६ अँपिअरच्या प्लगवर तो लावला की फ्यूज जातो. १६ अँपिअरचा प्लग कुठे आहे ते नाट्यगृहात शिरताच बघा.

पेटीत कायम हवं ते: तीन आकारांच्या सेफ्टी पिना, काळ्या-पांढऱ्या-मरून आणि त्वचेच्या रंगाच्या दोऱ्याच्या ओवलेल्या सुया, कात्री, दुहेरी चिकटपट्टी, हूक, टिचबटणं, इलॅस्टिक, नाडी आणि नाडी घालायची सळई, टेप, खडू, तेलाच्या डागांसाठी टाल्कम पावडर. ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवा आणि जाताना-येताना दोन्ही वेळा मोजा.

मानधन कसं ठरवावं?

व्यावसायिक नाटकात बहुधा एकरकमी मानधन ठरतं, काही ठिकाणी दर प्रयोगामागे काही रक्कम मिळते. तीन हप्ते मागा: काम स्वीकारताना, पहिल्या ट्रायलला, शुभारंभाआधी. शुभारंभानंतरवर टाकलेला हप्ता बहुतेक लांबतो.

कापड, शिलाई आणि प्रवासाचा खर्च मानधनात मिसळू नका. बिलं थेट निर्मात्याच्या नावाने घ्या. तुमच्या खात्यातून सगळं गेलं तर व्यावसायिक मानधनावर साधारण दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापताना कापडाच्या पैशांवरही तो कापला जातो आणि परताव्याची वाट बघावी लागते.

दोन पानी करार करा, ओळखीचा निर्माता असला तरी. त्यात लिहा: जाहिरातीत, फलकावर आणि प्रयोगाआधीच्या घोषणेत नाव, बदली कलाकारासाठी नवे कपडे करावे लागले तर वेगळं मानधन, झिजलेल्या कपड्यांचा खर्च निर्मात्याचा, रेखाटनं तुमच्या मालकीची. बदली कलाकाराचं कलम सर्वांत जास्त उपयोगी पडतं. शंभर प्रयोगांत एकही नट बदलला नाही असं नाटक विरळा.

काम मिळतं कुठून?

एकांकिका आणि नाटकांच्या स्पर्धांतून. पुरुषोत्तम करंडक, राज्य नाट्य स्पर्धा आणि महाविद्यालयांच्या संघांना वेशभूषा सांभाळणारा माणूस सतत हवा असतो. पैसे थोडे किंवा नसतात, पण तिथले दिग्दर्शक पुढे व्यावसायिक नाटक करतात आणि ओळखीच्या माणसाला बोलावतात. विदर्भात असाल तर झाडीपट्टीकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीकडे बघा. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं केंद्र. दिवाळीनंतरच्या हंगामात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात रात्र-रात्र नाटकं चालतात. कपडे झटपट करणं आणि खडतर वापरात टिकवणं शिकायला तितकी चांगली शाळा दुसरी नाही.

मालिका-चित्रपटाकडे वळता येतं का?

येतं, आणि पोट त्यावर जास्त सहज चालतं. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना १९८३ साली वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, तेव्हापासून त्या क्षेत्राचं आकर्षण आहेच. पण सवयी बदलाव्या लागतात. कॅमेरा हातभर अंतरावर येतो, म्हणून आतली टिचबटणं आणि खोटे बंद दिसतात. प्रवेश उलटसुलट क्रमाने चित्रित होतात, म्हणून कोणत्या दृश्यात पदर कुठे होता, दुसरं बटण उघडं होतं का याची छायाचित्रांसह नोंद ठेवावी लागते. बारीक चौकडी आणि दाट रेघा कॅमेऱ्यात थरथरतात.

पोर्टफोलिओत काय ठेवावं?

पूर्ण झालेल्या नाटकांपैकी तीन-चार पुरेत. प्रत्येकासाठी रेखाटन, कापडाचा खरा तुकडा, वेशपटाचं एक पान, ट्रायलचा फोटो आणि प्रयोगातला फोटो, तोही प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगेतून काढलेला. नटांना रंगपटात उभं करून काढलेले झगझगीत फोटो दिग्दर्शकाला काही सांगत नाहीत. प्रयोग बराच चालला असेल तर शेवटच्या काही प्रयोगांतला त्याच कपड्याचा फोटो पहिल्याच्या शेजारी लावा आणि खाली प्रयोगाची संख्या लिहा. जाणता निर्माता आधी त्या दोन फोटोंकडे बघतो.